मोटारीच्या पट्ट्याची चीं चीं : रोगाची परीक्षा घरच्या घरी

समारंभाच्या स्मरणिकेत मोटारीच्या पट्ट्याविषयी लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दारात जुनी गाडी उभी आहे. कोणाकडे वडिलांच्या वेळची पद्मिनी, कोणाकडे अँबॅसडर, तर कोणाकडे मारुती 800. अँबॅसडर व मारुती 800 या दोन्हींचे उत्पादन 2014 साली थांबले, आणि पद्मिनीचे तर त्याच्याही आधी. म्हणजे यांतली कोणतीही गाडी आता तरुण राहिलेली नाही. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून 'चीं' असा कानठळ्या बसवणारा आवाज निघतो, शेजारी खिडकी उघडून पाहतात, आणि दहा-वीस सेकंदांत आवाज थांबला की मालक निश्चिंत होतो. ही निश्चिंतीच पुढे महागात पडते.

बुऱ्हाणपुराहून खंडव्याच्या दिशेने निघालेली गाडी सुमारे 20 किलोमीटरवर असीरगडाच्या चढाला लागते. रात्रीची वेळ, घरातले आजारी माणूस मागच्या बैठकीवर, दिवे लागलेले, आणि मे महिन्याची हवा रात्रीसुद्धा तापलेली. अशा वेळी तो पट्टा तुटला तर काय होईल? जुन्या अँबॅसडर-पद्मिनीत हा एकच पट्टा पुढचा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज तयार करणारे यंत्र अशी तिन्ही कामे ओढतो. म्हणून तर आपल्याकडे त्याला आजही 'फॅन बेल्ट' म्हणतात. तो गेला की विजेची आवक बंद, पाण्याचे फिरणे बंद, आणि काही मिनिटांत इंजिन उकळू लागते. तशीच गाडी हाकली तर हेड वाकते, गॅस्केट जळते, आणि थोडक्या पैशांच्या रबरापायी अख्खे इंजिन उघडण्याचा प्रसंग येतो. पट्टा बहुधा एकाएकी तुटत नाही. आधी तो ओरडतो. ते ओरडणे कसे ओळखावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी तो ओरडतो का, हे पाहू. बुऱ्हाणपुरात ज्यांच्या घरी लूम चालले त्यांना हे सांगायला नको की मोटरच्या पुलीवर पट्टा सैल झाला की लूम झटके खाते आणि रबराचा जळका वास सुटतो. मोटारीत तेच घडते, फक्त वेग फार मोठा असतो. पट्टा पुलीला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. एका सेकंदात ही धरसोड शेकडो वेळा झाली की तिचाच आवाज होतो.

ओढ किती असते याचाही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. जुन्या गाडीतला 35 अँपियरचा अल्टरनेटर पूर्ण भाराने 14 व्होल्टवर चालला तर सुमारे 490 वॅट वीज देतो. पण त्याची कार्यक्षमता निम्म्याहून थोडीच अधिक असल्याने पट्ट्याला त्यासाठी एक अश्वशक्तीहून अधिक ओढावी लागते. एका पॉवरलूमला अर्ध्या ते एक अश्वशक्तीची मोटर लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे बोटाएवढ्या रुंदीच्या त्या पट्ट्यावर केवढा भार आहे हे कळेल. त्यातून अल्टरनेटरची पुली सगळ्यांत लहान. तिच्यावर पट्ट्याची मिठी थोडीच बसते, म्हणून घसरायला सुरुवात तेथूनच होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पूर्वीच्या गाड्यांत अल्टरनेटर नसून डायनमो असे, व तो जेमतेम 20 अँपियरच्या आसपास देई. पुढे अनेक मालकांनी डायनमो काढून अल्टरनेटर बसवला, मोठे हॉर्न आणि प्रखर दिवे लावले. पट्टा मात्र तोच राहिला. अशा गाडीचा पट्टा लवकर ओरडू लागला तर त्यात त्याचा काय दोष?

आता परीक्षेकडे वळू. पहिले उपकरण म्हणजे कान. आवाज एकसारखा, उंच, लांबलेला 'चींऽऽ' असा असेल, आणि तो गाडी सुरू होताच किंवा एकदम वेग दिल्यावर येत असेल, तर पट्टा घसरतो आहे असे धरून चालावे. गाडी सुरू करताना बॅटरीतून बरीच वीज खर्च होते. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटर पहिल्या क्षणी सर्व जोर लावतो, म्हणून आवाज तेव्हाच येतो आणि भार उतरला की थांबतो. खात्री करायची तर गाडी उभी ठेवून हेडलाइट लावावे, आतला पंखा पूर्ण वेगाने सोडावा. आवाज पुन्हा सुरू झाला किंवा वाढला तर निदान पक्के होते. याउलट आवाज चिमणीच्या चिवचिवाटासारखा तुटक असेल, इंजिनाच्या गतीबरोबर त्याची लय वाढत असेल, तर पुल्या एका रेषेत नसण्याचा संशय घ्यावा. तिसरा प्रकार म्हणजे जात्यासारखी घरघर. ती पट्ट्याची नव्हे, बेअरिंगची भाषा होय.

कानाचा निर्णय पाण्याने तपासता येतो. इंजिन मंद गतीवर ठेवून फवाऱ्याच्या लहान बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडेसे पाणी उडवावे. कॉइल व डिस्ट्रिब्यूटर यांवर मात्र थेंबही पडू देऊ नये. आवाज क्षणभर नाहीसा होऊन पुन्हा आला, तर पट्टा पुलीत तिरका शिरतो आहे, कारण पाण्याने त्याची कड घासण्याचे तेवढ्यापुरते थांबते. पाणी पडताच आवाज उलट वाढला, तर पट्टा सैल आहे. आधीच सुटणारी पकड पाण्याने आणखी सुटली. आणि काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंगकडे वळावे. हा प्रयोग करताना पदर, ओढणी, मफलर, सैल बाही पट्ट्याजवळ जाता कामा नये, आणि मुलांना दोन हात दूर उभे करावे. ज्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो तेथे तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, हेही विसरू नये.

यानंतर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, हाताने पाहावे. दोन पुल्यांमधला सर्वांत लांब भाग निवडून मध्यावर अंगठ्याने जोराने दाबावे. सामान्यतः 10 ते 12 मिलिमीटर दबला तर ताण बरोबर समजावा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण. मग पट्टा पिळून त्याच्या बाजू पाहाव्या. जुन्या गाड्यांचा पट्टा व्ही आकाराचा असतो व तो खाचेच्या दोन्ही भिंतींना धरतो, तळाला नव्हे. हे नीट समजले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो कितीही ताणला तरी ओरडणारच. पुलीच्या खाचेचा तळ घासून उजळ दिसत असेल तर पट्टा झिजून खाली बसला आहे, किंवा पुलीच झिजली आहे. दुसऱ्या परिस्थितीत नवा पट्टासुद्धा महिन्याभरात ओरडू लागतो आणि लोक विनाकारण पट्ट्याच्या कंपनीला नावे ठेवतात. आतल्या अंगाला भेगा दिसल्या तर विचार करत बसू नये, पट्टा बदलावा. अलीकडच्या चपट्या, बारीक खाचांच्या पट्ट्यांचे रबर मात्र निराळे. ते भेगा न पडताच झिजते. म्हणून तेथे भेगा नाहीत एवढ्यावर समाधान मानू नये.

तेलाचाही विचार करावा. वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून झिरपलेले तेल पट्ट्यावर आले की रबर फुगते व मऊ पडते. असा पट्टा पुसून चालत नाही. आधी गळती थांबवावी, पुल्या साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्या, मगच नवा पट्टा घालावा. आपल्या गावात रुईची तुसे आणि रस्त्याची धूळ यांची कमतरता नाही; तेलाच्या ओलीवर ती बसली की खाचेत लुकणासारखा थर जमतो.

पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहायला आपल्याकडचे साधन अगदी सोपे आहे : सूत. विणकामाचा पक्का धागा क्रँकच्या पुलीच्या खाचेच्या मध्यातून अल्टरनेटरच्या पुलीकडे ताणून धरावा व वरून एका डोळ्याने पाहावे. धागा दुसऱ्या खाचेत सरळ उतरला पाहिजे. दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर बसवताना एखादा वायसर राहून गेला, किंवा खालच्या बोल्टचे बुश झिजले, म्हणजे तो दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे होतो. एवढे अंतर चिवचिवाटाला पुरते.

बेअरिंगची परीक्षा पट्टा काढून करावी. अल्टरनेटरची व पाण्याच्या पंपाची पुली हाताने फिरवावी, मागेपुढे हलवून पाहावी. खरखर लागली, किंवा पुली डुगडुगली, तर दोषी सापडला. पंपाच्या खाली पाण्याचा ओघळ दिसला तर बहुधा त्याचे सीलही गेलेले असते. पट्ट्याशिवाय इंजिन थंड असताना पंधरा-वीस सेकंद चालवून पाहण्यास हरकत नाही. आवाज बंद झाला तर तो याच मंडळींपैकी कोणाचा तरी आहे. त्याहून अधिक वेळ चालवू नये, कारण पाणी फिरत नसते.

एक कारण मात्र कोणी सहसा पाहत नाही. पट्टा नवा, ताण योग्य, पुल्या सरळ, तरीही रोज सकाळी गाडी मिनिट-दोन मिनिटे ओरडते. अशा वेळी बॅटरी तपासावी. बॅटरी म्हातारी होऊन वीज धरत नसेल तर अल्टरनेटरला सतत पूर्ण जोर लावावा लागतो. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसावे, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या दरम्यान. साधा मल्टीमीटर असला की घरातील शाळकरी मुलगी किंवा मुलगा हे माप घेऊ शकतो. काही मिस्त्री चालू गाडीच्या बॅटरीची तार काढून 'चार्जिंग' पाहतात. डायनमोच्या काळात ही खोड खपून जाई. अल्टरनेटरमध्ये त्याने व्होल्टेज उसळते आणि डायोड जळतात. आपल्या गाडीवर कोणालाही असे करू देऊ नये.

निदान झाल्यावर उपाय सोपा आहे. अल्टरनेटर खाली एका बोल्टवर झुलतो व वर लांब भोकाच्या पट्टीला आवळलेला असतो. दोन्ही बोल्ट थोडे सैल करून लाकडी दांड्याने त्यास बाहेर दाबावे व वरचा बोल्ट आवळावा. दांडा पुलीच्या बाजूच्या जाड भागाला लावावा. मागच्या टोकाला लावल्यास ॲल्युमिनियमचे कवच तडकते. पट्टा तारेसारखा ताणला म्हणजे चांगले काम झाले, असा एक समज दुकानांतूनही आढळतो, व तो आमच्या मते सैल पट्ट्याहूनही घातक आहे. आवाज जातो, मालक खूष होतो, आणि काही महिन्यांनी पाण्याच्या पंपाचे बेअरिंग जाते. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा सैल पडतोच. म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा एकदा पाहावा.

साबण, मेण किंवा राळ लावून आवाज बंद करण्याचा उपाय वडीलधारे सुचवतात. पिठाच्या गिरणीवरच्या चपट्या चामडी पट्ट्याला राळ लावीत, आणि तेथे ती योग्यही होती. व्ही पट्ट्यावर मात्र ती धूळ धरते, खाच भरते, आणि आठ दिवसांत आवाज दुपटीने येतो.

राहिला प्रवासाचा प्रश्न. वाटेत लाल दिवा लागला व तापमानाचा काटा चढू लागला तर गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. मोज्याची किंवा लुगड्याच्या चिंधीची गाठ मारून पट्टा करावा असे सांगतात; त्यावर घाट चढण्याचे साहस करू नये. त्याऐवजी डिकीत योग्य मापाचा एक पट्टा, दोन पाने आणि लाकडी दांडा ठेवावा. माप जुन्या पट्ट्याच्या पाठीवर छापलेले असते. ते पुसण्यापूर्वीच वहीत लिहून घ्यावे. पद्मिनीसारख्या गाडीत पट्टा पंख्याच्या पात्यांवरून एकेक पाते फिरवीत आत न्यावा लागतो. हे काम अंधारात प्रथमच करण्यापेक्षा एखाद्या रविवारी अंगणात, इंजिन थंड असताना, घरातील दोघांनी मिळून एकदा करून पाहावे. पहिल्या खेपेस अर्धा-पाऊण तास लागतो, दुसऱ्या खेपेस त्याच्या निम्मा.