बधिर हाताला बसवून ठेवू नकोस

"ताई, हात हलतो गं, पण तो माझा वाटतच नाही," असं म्हणालीस ना, ते खरंच आहे. बधिरपणा दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून घरातले म्हणतात, चालायला लागलीस ना, मग आता काय राहिलं? तू मनाला लावून घेऊ नकोस.

हाताच्या नसा ठीक आहेत. पक्षाघातात रक्ताच्या गुठळीचा मार बसलाय मेंदूच्या उजव्या बाजूला, आणि डाव्या अंगाचा स्पर्श कळतो तो तिथेच. तेल चोळून बरं वाटत असेल तर खुशाल चोळ, पण गरम पाण्याची पिशवी त्या अंगाला अजिबात नको. चटका बसलेला कळणार नाही, फोड आल्यावरच दिसेल. अंघोळीचं पाणी उजव्या हातानेच बघ. रोज रात्री तळपाय आरशात न्याहाळ. घरातही मागे पट्टा असलेली चप्पल घाल; साधी स्लीपर पायातून निसटलेली कळत नाही.

आणि तो हात मांडीवर नुसता ठेवून देऊ नकोस गं. मेंदू नव्याने शिकतो, पण रोज शिकवलं तरच. ताटलीत किल्ली, नाणं, बटण, शेंगदाणा घे. आधी बघत चाचप, मग डोळे मिटून ओळख. चुकलीस तर तीच वस्तू उजव्या हातात घेऊन बघ आणि परत डाव्यात घे. तांदळाच्या डब्यात सुपारी लपवून शोध. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हेच नीट पद्धतीने करून घेतात. फरक पहिल्या काही महिन्यांत भराभर पडतो, नंतर सावकाश, पण पडतो.

कधी कधी काही महिन्यांनी त्याच बधिर जागी आग होते, कळा येतात, गार वाराही सोसत नाही. कुणी म्हणेल, मनाचे खेळ आहेत. मुळीच नाहीत! पॅरिसच्या देजेरीन आणि रूसी या डॉक्टरांनी १९०६ मध्येच हे दुखणं लिहून ठेवलंय. नेहमीच्या गोळ्यांनी ते सहसा थांबत नाही, त्याची औषधं वेगळी असतात. अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना सांग.

भावजींना मात्र आजच सांगून ठेव. बधिरपणा अचानक वाढला, नव्या जागी आला, तोंड वाकडं झालं किंवा जीभ अडखळली, तर "जरा पड, बरं वाटेल" असं म्हणायचं नाही. लगेच १०८ ला फोन लावायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तू शेवटची ठीक कधी होतीस, ती वेळ त्यांनी ध्यानात ठेवायला हवी.

थेरपिस्टची वेळ ठरली की कळव, मी येते सोबत.