सिस्टरबाईंचे बळ

सावली तालुका म्हणजे धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी लागली की गाव ओस पडते. बाया शिदोरी बांधून सकाळीच बांधीत उतरतात, त्या दिवेलागणीला परत येतात. अशा दिवसांतही एक बाई घरोघर हिंडताना दिसते. खांद्याला पिशवी, हातात वही. ती उपकेंद्राची नर्स. आपण तिला सिस्टर म्हणतो. कुणी नुसते बाई म्हणतात.

समजा, ही सिस्टर एका घरी आली. घरची सून आठ महिन्यांची गरोदर आहे.

"कसं वाटते बाई?" सिस्टर विचारते.

"काही नाही जी. पाण्यात भिजली, म्हणून डोस्कं दुखते," सासूच उत्तर देते.

सिस्टर सुनेच्या तोंडाकडे पाहते. तोंड सुजलेले आहे. बोटातली अंगठी रुतली आहे. ती दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजते. तो 150 वर 100 भरतो. मग ती वही उघडून मागच्या महिन्याचा आकडा पाहते. तेव्हा 110 वर 70 होता. सिस्टर वेळ घालवत नाही. सासूला समजावते, गाडी बोलावते, चिठ्ठी लिहून सुनेला मोठ्या दवाखान्यात पाठवते.

गरोदरपणात रक्तदाब 140 वर 90 किंवा त्याहून जास्त भरला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. सोबत डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर धोका मोठा. वेळेवर इलाज झाला नाही तर झटके येतात. माय आणि लेकरू, दोघांच्याही जिवावर बेतते.

पुढे सून सुखरूप बाळंत झाली. लेकरू घेऊन घरी आली. घरच्यांनी डॉक्टरांचे आभार मानले. ते मानलेच पाहिजेत. पण सिस्टरला कुणी विचारले, तर ती काय म्हणते?

"मी काय केलं? नुसता बीपी पाहिला."

या 'नुसता' शब्दाविषयीच आम्हाला आज बोलायचे आहे.

त्या 'नुसत्या'त काय काय होते, ते मोजून पाहू. तिने सुजलेले तोंड ओळखले. रक्तदाब बरोबर मोजला. मागचा आकडा लिहून ठेवला होता, म्हणून आज फरक कळला. आपल्या हातचे काय आणि डॉक्टरांच्या हातचे काय, हे तिला ठाऊक होते. आणि सासूचे मन न दुखवता तिने तिला तयार केले. ही पाच कामे झाली. यातले एक जरी राहिले असते, तर डॉक्टरांची विद्या त्या घरापर्यंत पोचलीच नसती.

पाहणे, मोजणे, लिहिणे आणि वेळेवर बोलणे, हे नर्सचे बळ आहे. हे बळ किती मोठे, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. सावलीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली. पूर्वी तिथल्या खेड्यांत हजार बाळे जन्मली, तर त्यांतली साठाच्या वर पहिल्या महिन्यातच दगावत. संस्थेने 39 गावांतल्या बायांना शिकवून तयार केले. बाळाला ऊब कशी द्यावी, दूध कसे पाजावे, श्वास कसे मोजावे, आजार कसा ओळखावा, औषध केव्हा द्यावे, हे त्या शिकल्या. त्या घरोघर जाऊ लागल्या. 1995 ते 1998 या तीन वर्षांत तिथले पहिल्या महिन्यातले बालमृत्यू हजारी पंचविसाच्या आसपास आले. 1999 साली ही हकीकत विलायतेच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आली आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचली.

या बाया शाळेत शिकून झालेल्या नर्स नव्हत्या. पण त्यांनी जे केले ते शुश्रूषेचेच काम होते. तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाले, की धोका समजायचा. नुसते मोजता आले, म्हणून किती लेकरे वाचली! मग जिने हे सारे रीतसर शिकले, त्या सिस्टरने आपल्या कामाला 'नुसते' का म्हणावे?

ही सवय जुनी आहे. पूर्वी चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याची सेवा करणे लोकांना कमीपणाचे वाटे. 1909 साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले. तिथल्या बायांना त्यांनी नर्सचे शिक्षण मिळवून दिले. त्यांत विधवाही होत्या. लोकांनी नावे ठेवली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. आज गावोगावच्या मुली नर्स होतात, त्या याच वाटेने.

कुणी म्हणेल, आपले काम आपणच मोठे म्हणणे हा गर्व झाला. आम्हाला तसे वाटत नाही. आपले बळ न ओळखणाऱ्या बाईचा तोटा तिच्या एकटीचा नसतो. रात्रीच्या पाळीला रोग्याचे लक्षण बिघडलेले तिला दिसते. पण तिला वाटते, "मी काय सांगणार? डॉक्टर रागावतील." ती गप्प बसते. त्या गप्प बसण्याची किंमत रोगी मोजतो. आपल्या पाहण्यावर जिचा भरवसा असतो, तीच ठामपणे म्हणते, "साहेब, एकदा येऊन बघा." गर्व दुसऱ्याला खाली पाहायला लावतो. अभिमान आपल्याला वेळेवर बोलायला लावतो.

म्हणून सिस्टरबाईंना आमचे एक सांगणे आहे. दवाखान्याची वही तुम्ही रोज भरता. घरी आणखी एक लहान वही ठेवा. आठवड्यातून एकदा तीत तीन ओळी लिहा. आज मी काय ओळखले? काय केले? त्याने काय फरक पडला? रोग्याचे नाव लिहू नका. 12 मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा जन्मदिवस, म्हणून जगभर परिचारिका दिन पाळतात. त्या बाई रात्री दिवा घेऊन फिरत, हे सर्वांना माहीत आहे. पण किती शिपाई कशाने मेले, याचे आकडेही त्यांनी लिहून सरकारपुढे ठेवले होते. त्या दिवशी तुम्ही आपली वही उघडा. वर्षभराचे बळ तिथे तुमच्याच अक्षरात दिसेल.

आणि वाचकहो, सिस्टर तुमच्या दारी आली, तर तिला बसायला पाट द्या. ती "नुसता बीपी पाहिला" म्हणाली, तर तिला सांगा, "बाई, तुम्ही पाहिला, म्हणून आमची सून घरी आली."

विचार करा व सांगा
1. सिस्टरने मागच्या महिन्याचा आकडा लिहून ठेवला नसता, तर काय झाले असते?
2. गर्व आणि अभिमान यांत फरक काय?
3. तुमच्या गावच्या सिस्टरने केलेले एक चांगले काम आठवा. त्यावर चार ओळी लिहा आणि तिला वाचून दाखवा.