दम्याचा रकाना

चि. सुमेध,


गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. फीचा पहिला हप्ता याच महिन्यात भरणार, असं दादा म्हणाला. तेवढं थांबव. आधी डीजीसीएचं क्लास टू आणि पाठोपाठ क्लास वन मेडिकल करून घे. विद्यार्थी वैमानिकाला क्लास टू पुरतं, म्हणून मुलं तेवढ्यावर पैसे भरून मोकळी होतात. कमर्शियल लायसन्सला मात्र क्लास वनच लागतं. घरावर कर्ज काढून झाल्यावर रंगदोष निघाला तर काय करायचं?

चष्म्याची धास्ती सोड. चष्म्याने नजर ठरलेल्या मापात येत असेल, तर नंबर आहे एवढ्याने कुणी घरी पाठवत नाही. रंगांची तपासणी मात्र कसून होते, आणि व्हायलाच हवी. उतरताना धावपट्टीशेजारी चार दिवे दिसतात. दोन पांढरे, दोन तांबडे असले की उंची बरोबर; चारही तांबडे म्हणजे विमान फार खाली आलंय. विमानाचा रेडिओ बंद पडला, तर आम्ही कंट्रोलर टॉवरमधून हिरवा किंवा तांबडा झोतच दाखवतो.

आता खरी गोष्ट. लहानपणी तुला दमा होता, इनहेलर चालू होता. ते फॉर्ममध्ये लिहू नको, असं वहिनीचं म्हणणं आहे. तिची काळजी मला कळते, पण तू लिही. उंचावर केबिनमधली हवा साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते. तिथे छाती भरून आली तर मागे बसलेल्यांनी कुणाकडे बघायचं? सांगितलंस तर फार तर फुप्फुसांची तपासणी लावतील, जुने कागद मागतील, काही काळ तात्पुरतं अनफिटही ठरवतील. लपवलंस तर तेच खोटं दर वर्षी नव्याने सही करून लिहावं लागेल, कारण क्लास वनची मुदत वर्षाचीच असते.

२४ मार्च २०१५ला जर्मनविंग्जचं विमान सहवैमानिकाने आल्प्समध्ये मुद्दाम पाडलं. १५० माणसं गेली. डॉक्टरांनी त्याला आजारपणाची रजा लिहून दिली होती; तो कागद घरी फाडलेला सापडला. कंपनीला पत्ताच नव्हता. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की २००९ मध्ये नैराश्यामुळे अडवलेलं त्याचं मेडिकल काही महिन्यांतच शर्तीवर परत मिळालं होतं. परतीची वाट त्याने पाहिलेली होती, तरी लायसन्स जाण्याच्या भीतीने तो गप्प राहिला. म्हणून मन खचलं, झोप उडाली, तरी तेही तितक्याच सरळपणे सांगायचं.

आम्हा कंट्रोलरना क्लास थ्री लागतं. पण सर्टिफिकेट तपासणीच्या दिवसापुरतं बोलतं. रोजची फिटनेस आपली आपण बघायची. सर्दीने कान गच्च असेल, तर हेडसेटमध्ये ‘टू टू झीरो’ आणि ‘टू थ्री झीरो’ यांत गल्लत व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी ड्यूटीवर बसायच्या आधीच सुपरवायझरला सांगायचं. तो दुसऱ्याला बसवतो. तुलाही पुढे हेच करायचंय. सर्दीची गोळी घेऊन कॉकपिटमध्ये चढायचं नाही, तिने गुंगी येते.

दादाला सांगून तुझी जुनी फाइल शोध. इनहेलर कधी बंद झाला, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घे. चष्म्याचा ताजा नंबर काढून ठेव. वहिनीशी मी रविवारी फोनवर बोलते. तोवर फॉर्म भरू नकोस.

तुझी,
आत्या