परसातली भेंडी: हंगामाच्या शेवटची कीडपाहणी

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर भेंडी बारा महिने मिळते, पण परसातल्या कोवळ्या भेंडीची चव तिला नाही. ऑगस्टच्या मध्यापासून ती चव किडींपासून राखावी लागते. भेंडी कपाशीच्याच कुळातली. त्यामुळे विदर्भात कपाशीची पाहणी केलेल्यांना मावा, पांढरी माशी, लाल कोळी ओळखीचे वाटतील. गुलाबी बोंडअळीची मात्र धास्ती नको. अमेरिकेतल्या कपाशीतून तिचं उच्चाटन झाल्याचं २०१८ साली जाहीर झालं.

आठवड्यातून दोनदा सकाळी झाडं पाहा. आधी शेंडा, मग पानांची खालची बाजू, मग कळ्या आणि भेंड्या. पान चिकट लागलं, मुंग्यांची ये-जा दिसली, की मावा शोधा. कोरड्या उन्हात पानांवर बारीक पिवळे ठिपके पडले, तर पान पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी. भेंडी वाकडी, पुटकुळ्यांची झाली असेल तर रस शोषणारा ढेकण्या शोधा. गोल भोक असेल तर आत मक्याच्या कणसातली अळी असू शकते. तिचे पतंग दक्षिणेकडून येतात आणि मका वाळला की भेंडीकडे वळतात.

लगेच फवारू नका. मावा फुगून तपकिरी झाला असेल, ढालकिडे फिरत असतील, तर मित्रकीटक कामाला लागलेत. त्यांना चार दिवस द्या. तरीही मावा वाढला तर पाण्याची जोरदार धार पानांखाली मारा. त्यानंतरच कीटकनाशक साबण, लेबलवरच्या प्रमाणात. तो अंगावर पडला तरच कीड मरते, म्हणून पानांची खालची बाजू भिजलीच पाहिजे. भेंडीचं फूल सकाळी उमलून त्याच दिवशी मिटतं, मधमाश्या तेव्हाच येतात. फवारणी संध्याकाळीच करा.

अळीसाठी बीटी जिवाणूची फवारणी चालते, पण अळी भेंडीत शिरण्याआधीच. भोक पडलेली भेंडी तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. जपानी भुंगेरे उरले असतील तर पहाटे सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटका. त्यांचे सापळे लावू नका, शेजारपाजारचे भुंगेरेही तुमच्याकडे येतील.

सप्टेंबरच्या सुरुवातीला शेंडे खुडा. माव्याचं आवडतं ठिकाण जातं आणि रात्री गारठण्याआधी खालच्या कळ्यांना पोसायला वेळ मिळतो. बियाण्याची भेंडी निरोगी झाडावरच राखा. दहिवर गोठू लागल्यावर झाडं मुळासकट उपटा. किडकी खतात घालू नका.