लग्नानंतरचा चौथा दिवस

सातपूर, नाशिक

चि. भाचीबाईस,

तुझा निरोप पोचला. तुमच्या लग्नाला वर्ष होतंय म्हणून तू घरातल्या सगळ्या जुन्या जोडप्यांकडून त्यांच्या लग्नाच्या दिवसाबद्दल एकेक मिनिटाचं बोलणं मोबाइलवर मागवते आहेस. एका मिनिटात मी फार तर घसा खाकरीन. म्हणून हे पत्र. कापून लावायला सोयीचं नसेल, तर नुसतं वाच.

आमचं लग्न 18 मे 1991 ला झालं. ही तारीख आम्हां दोघांनाही कोणी विचारून ठरवली नव्हती. त्या वर्षी वैशाख अधिक आला होता, त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून महिनाभर कार्य नाही. पुढे पावसाळ्यात गुरू सिंहेत जाणार, म्हणजे सिंहस्थ, आणि सिंहस्थात लग्न नको हे गोदाकाठच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. जाणकार म्हणत होते की दोष नदीच्या उत्तर तीरापासून पुढे, आपलं सातपूर तर दक्षिण तीरावर. पण मामीच्या आजीशी शास्त्रार्थ कोण करणार? उरल्या थोड्या मुहूर्तांतला शनिवारचा धरला, कारण इथल्या कारखान्यांची सुट्टी शनिवारची. रविवारी लग्न ठेवलं असतं तर माझ्या वरातीत नाचायला शाळकरी पोरंच उरली असती.

फोटोग्राफरने 36 फोटोंचा एकच रोल आणला होता. त्यातले निम्मे आहेर देणाऱ्यांचे. तुमच्या लग्नात दोन कॅमेरे आणि वर एक ड्रोन होता, मी मोजले. तुमचं काहीच सुटलं नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. वर्षभरात तू ती फिल्म इतक्यांदा पाहिलीस की तुला आता त्या दिवसातलं तेच आठवतं, जे कॅमेऱ्याने पाहिलं. आमचे फोटो इतके कमी, की मधल्या जागा आम्हालाच भराव्या लागल्या. त्या आम्ही भांडून भरल्या. मी म्हणतो, मंगलाष्टकांच्या वेळी वळीव आला आणि मांडवातून अक्षतांबरोबर पाणी पडलं. मामी म्हणते, नुसता वारा सुटला होता. मुंडावळ्यांतून तिला काय दिसलं असेल ते सोड, पण तिचंच खरं असण्याचा संभव जास्त.

मात्र आमच्या लग्नाबद्दल घरात कोणालाही विचार, तो 18 तारखेचं काही सांगत नाही. 21 मे च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. 22 ला सकाळी रेडिओवर बातमी, आणि सगळं ठप्प. आमच्या दोन खोल्यांत गावाकडचे पाहुणे अडकलेले, दुकानं बंद, भाजी नाही. नवी नवरी मोठं पातेलं शोधत होती. पिठलं करायचं ठरलं आणि मी कांदे चिरायला बसलो. माझ्या थोरल्या काकांसमोर विळीवर बसलेला आमच्या घरातला पहिला पुरुष मीच असेन. मला याचं काही विशेष वाटलं नव्हतं, विसरूनही गेलो होतो. पुढे कितीतरी वर्षांनी, अशाच एका लग्नाच्या वाढदिवसाला, मामी सहज बोलून गेली की सप्तपदीत तिला भोवळ येत होती, तेव्हा काही कळलं नाही; हा माणूस चालेल हे तिला त्या कांद्यांपाशी कळलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की जावईबापूंना लग्नाच्या दिवसाबद्दल विचारू नकोस. तो दिवस आईवडिलांचा, पाहुण्यांचा आणि आता केटररचा असतो. त्यांना विचार, त्यांच्या लेखी तुमचं लग्न कधी लागलं. उत्तर लगेच येणार नाही. आलं तर ते तुझ्या उत्तराशी जुळणार नाही, आणि जुळवायला जाऊ नकोस. दोन्ही लिहून ठेव, तारीख घालून. पंधरा वर्षांनी दोघंही बदललेलं सांगाल, तेव्हा कागद उपयोगी पडेल.

लग्न खरं लागतं ते मांडवातल्या दिवशी नव्हे, हे काही नवं नाही. रमाबाई रानड्यांनी 1910 मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' छापल्या, तेव्हा त्यांच्या पतीला, आपल्या निफाडात जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांना, जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांचं लग्न डिसेंबर 1873 चं. ती अकरा वर्षांची, ते एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते आणि वडिलांच्या हट्टापुढे वाकलेले. नवऱ्याला हे लग्न नको होतं, ही गोष्ट बायकोने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. आणि लगोलग त्यांनी तिला अक्षरं शिकवायला घेतली, हेही. मला विचारशील तर त्यांचं लग्न अंतरपाटापाशी लागलं नाही, पाटीपाशी लागलं.

आणि लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या शेजारच्या. नदीपलीकडच्या जलालपूरची ही गोखल्यांची मनू लग्नानंतर लक्ष्मी झाली. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, पुढची काही वर्षं ताटातूट, मग पुन्हा संसार. तिचं 'स्मृतिचित्रे' 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागलं. एवढं सोसून ती बाई नवऱ्यावर हसते, स्वतःवर त्याहून जास्त हसते, आणि कोणालाही देव्हाऱ्यात बसवत नाही. वाढदिवसाच्या केकवर जे लिहितात त्यातलं एक अक्षर तिथे सापडायचं नाही. जाडजूड पुस्तक आहे, तुला पाठवतो. आधी जावईबापूंना वाचू दे.

आता एक अवघड गोष्ट. तुझ्या लग्नाचा खर्च कुठून आला, हे तू दाजींना अजून विचारलेलं नाहीस. फिल्ममध्ये तो दिसत नाही. फुलं दिसतात, पतपेढीचा हप्ता दिसत नाही. मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. ते त्यांनीच सांगायला हवं. ते आधी उडवून लावतील, मग चिडतील. ताईसमोर विचारू नकोस, ती मध्ये पडेल आणि विषय जेवणाकडे नेईल. सकाळी ते झाडांना पाणी घालतात तेव्हा जा. हप्ता अजून किती राहिलाय एवढंच विचार, आणि तुम्हां दोघांचा मिळून त्यातला किती उचलता येईल ते घरून ठरवूनच जा.

तुझा,
मामा