डब्यातला पाऊस

पाऊस मोजायला वेधशाळाच हवी, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. सरळ उभ्या बाजूंचा डबा झाडा-भिंतींपासून दूर उघड्यावर ठेवावा आणि सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची पाहावी. हवामान खात्याची वेळही हीच, २.५ मिलिमीटर भरला तरच ते 'पावसाचा दिवस' धरतात.

सुटीत गावच्या चौथीतल्या मुलांना मी हे शिकवले. त्यांनी मात्र बाटलीवर नरसाळे बसवले. मृगाच्या पावसानंतर एकजण ओरडत आला, "दादा, ऐंशी!" वडिलांनी लगेच तिफण काढली, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नये, एवढे त्यांनी ऐकले होते. मी नरसाळे मोजले. तोंड १० सेंटिमीटर, बाटली ५. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. तेव्हा खरा पाऊस २० मिलिमीटरच! पण शाळेची पायरी न चढलेल्या वडिलांना क्षेत्रफळ कसे पटावे? शेवटी मुलांनीच खुरप्याने शेत उकरले. वीतभर खाली माती कोरडी होती. वडील काही बोलले नाहीत, तिफण गोठ्यात गेली.

मुलांनी नरसाळे ठेवले आहे. वहीत लिहिताना आता चाराने भागतात.