समोरच्याला बोलू देणारी पुस्तकं

ख्रिस्ती कादंबरी विकत घेताना आपण बहुतेकजण तीन गोष्टी बघतो: लेखक कोणत्या पंथाचा, शेवटी नायक प्रभूकडे वळतो की नाही, आणि पुस्तक मुलांच्या हाती देण्याइतकं सोज्वळ आहे का. या तिन्ही कसोट्यांना उतरलेल्या पुस्तकांनीच माझी सर्वांत जास्त निराशा केली आहे. म्हणून मी आता एकच खूण धरते. पुस्तकात जो श्रद्धा नाकारतो, त्याला लेखकाने मनापासून बोलू दिलंय का? मधलं कुठलंही पान उघडावं आणि तो माणूस बोलतोय ती जागा शोधावी. त्याचं म्हणणं वाचून आपल्यालाही पटकन उत्तर सुचलं नाही, तर पुस्तक घ्यावं. तो केवळ हरण्यासाठी आणलेला असेल, तर खुशाल परत ठेवावं.

बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बघा. मराठीतल्या आद्य कादंबरीचा मान त्याला मिळतो, तो योग्यच आहे. यमुना आणि विनायक यांना प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकिगती, ती केशवपनाची धास्ती, आजही अंगावर येते. पण धर्मचर्चा सुरू झाली की निकाल आधीच लागलेला असतो आणि कादंबरीची प्रचारपत्रिका होऊन जाते. पदमनजींपुढे मराठीत कादंबरीचा नमुनाच नव्हता, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. अमेरिकेतल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिकेला मात्र ही सबब नाही. १९९५ ते २००७ या काळात तिचे १६ भाग निघाले, सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. तिच्यातला ख्रिस्तविरोधी निकोलाय कार्पेथिया संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होतो, सगळं जग त्याच्यावर भाळतं असं आपल्याला सांगितलं जातं. आपण स्वतः मात्र एकदाही भाळत नाही. ज्याचा मोहच पडत नाही, त्याला नाकारण्यात कसली आली कसोटी?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ही पुस्तकं श्रद्धा बळकट करण्यासाठी लिहिलेली असतात, त्यांना साहित्याचे निकष का लावायचे? पण हा निकष मी साहित्याकडून घेतलेलाच नाही. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडा. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात. कुठल्याही उपासनेत शोभतील अशी त्यांची भाषणं आहेत. देवाशी हुज्जत घालतो तो ईयोब. आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असं त्यांना सुनावतो. आपल्याकडच्या भक्तिपर कथांमधली बरीच पात्रं मला या तीन मित्रांच्या वंशातली वाटतात.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्या जागी आमच्या भाषेत आम्हाला दुसरं काही का देत नाही? विचारणं अदबीचं आहे, पण त्यात तक्रार आहे, आणि ग्रंथ उभा राहतो तो या तक्रारीला उत्तर म्हणून. पोर्तुगीज अमदानीतल्या एका जेझुइटाने स्वतःच्याच सत्तेविषयीचं गाऱ्हाणं असं पहिल्या पानांवर येऊ द्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग काय, शंका जितकी जास्त तितकं पुस्तक चांगलं? असं कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही असंच आहे. शंकेचीही फॅशन असते, आणि शेवटच्या प्रकरणात धर्मगुरूचा विश्वास उडवून खोल वाटणाऱ्या कादंबऱ्या काही कमी नाहीत. मेरिलिन रॉबिन्सन यांच्या ‘गिलियड’मधल्या म्हाताऱ्या पाळकाची श्रद्धा जवळजवळ अढळ आहे. तरी मित्राच्या वाया गेलेल्या मुलाला क्षमा करताना त्याची जी ओढाताण होते, ती खरी आहे, कारण तो मुलगा आपले प्रश्न गंभीरपणे विचारतो. शुसाकु एन्डो यांच्या ‘सायलेन्स’मध्ये (१९६६) छळ करणारा अधिकारी इनोउए सुसंस्कृत आहे, हसतमुख आहे, आणि जपानच्या मातीत ख्रिस्ती श्रद्धेची रोपं रुजणार नाहीत हा त्याचा दावा कादंबरी कधीच सोयीस्करपणे खोडून काढत नाही. नव्याने विश्वासात आलेल्या पोरसवदा वाचकाच्या हाती मात्र मी हे पुस्तक एकट्याने वाचायला देणार नाही. सोबत बोलायला कुणीतरी हवं.

आणि समोरच्याला बोलू देणं व न देणं यातला फरक एकाच लेखणीत बघायचा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावं. १८९५ साली त्यांचे पती टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या स्वतःच विरोधी पक्ष आहेत: सोवळं सांभाळणाऱ्या, नवऱ्यावर चिडणाऱ्या, लोकांच्या टोमण्यांनी पोळलेल्या. ख्रिस्ती झाल्यावर लिहितानाही त्यांनी त्या जुन्या लक्ष्मीला वेड्यात काढलेलं नाही, आणि टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा, पैसा हातात न टिकणं यांपैकी काही झाकलेलं नाही. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुढे त्यांनीच पुरं केलं. श्रद्धा तीच, हातही तोच. पण ‘ख्रिस्तायन’ मी आदराने वाचून बाजूला ठेवते, आणि ‘स्मृतिचित्रे’ जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही आग्रहाने वाचायला देते.